बुरशी औषधाला दाद का देत नाही? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात एका प्रयोगशाळेत बुरशीचे नमुने तपासते. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं, पंढरपूर-सांगोल्याकडचे बागायतदार, अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यांतले कामगार आणि लग्नकार्यात गाठून बाजूला नेणारे नातेवाईक, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदा लिहून काढलं. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. औषधांची नावं आहेत, डोस मुद्दाम दिलेले नाहीत. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.

मॅडम, बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते तीच ना?

तिचीच भावंडं. कापसासारखी, धाग्याधाग्यांनी वाढणारी. माणसाला त्रास देणाऱ्यांत चार घराणी लक्षात ठेवा: ॲस्परजिलस, म्युकर, फ्युझेरियम आणि गजकर्णाची ट्रायकोफायटन. कॅन्डिडा हे यीस्ट, त्याची गोष्ट वेगळी. ती इथे नाही.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस कुठे राहते? कडब्याच्या गंजीत, उसाच्या पाचटात, उकिरड्यावरच्या खतात. खताच्या ढिगाच्या पोटात हात घातला तर भाजतो, पण ही बुरशी ५० अंशांपर्यंतच्या उष्णतेत आरामात वाढते. तिला माणसाच्या ३७ अंशांचं काय कौतुक? तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर धरून हिशेब करा. असे शेकडो बीजाणू आपण सगळेच रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते झाडून काढतं. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेला, अवयव बदललेला, बरेच दिवस स्टेरॉइड घेणारा किंवा जुन्या टीबीनं फुप्फुसात पोकळी राहिलेला माणूस असेल, तर मात्र ती तिथे बस्तान मांडते.

औषध "सहन करणं" आणि औषधाला "प्रतिकार" यात फरक काय? दोन्हींत आजार बरा होत नाहीच की.

फरक मोठा आहे. सगळा घोळही इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही बुरशीला औषधाच्या चढत्या प्रमाणांत वाढवून पाहतो. ज्या कमीत कमी प्रमाणाला तिची वाढ थांबते त्याला एमआयसी म्हणतात. प्रतिकार म्हणजे हा आकडाच वर चढतो. काल थोड्या औषधात थांबणारी बुरशी आज त्याच्या आठपट, सोळापट औषधातही वाढते. बुरशीतच कायमचा बदल झालेला असतो आणि तो तिच्या पुढच्या पिढ्यांत उतरतो.

सहनशीलतेत आकडा तोच राहतो. रिपोर्टवर "औषध लागू" असंच येतं. पण लाखो पेशींपैकी थोड्या मरत नाहीत. औषध असेपर्यंत त्या हळूहळू, रखडत, जेमतेम वाढतात आणि औषध ओसरलं की पुन्हा जोर धरतात. आपल्या भागातल्या माणसाला समजावताना मी म्हणते, प्रतिकार म्हणजे ज्याच्या बोअरला दुष्काळातही पाणी आहे तो शेतकरी. सहनशीलता म्हणजे बांधावरची बोर. तिला पाणी मिळत नाही, ती बहरतही नाही, पण मरतही नाही.

शिकत असताना मी याच जागी आपटले आहे. ॲस्परजिलसच्या प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला पाहिला, "लागू" लिहिलं आणि शनिवारी घरी गेले. प्लेट चुकून उबवणीपेटीतच राहिली. सोमवारी पाहते तर त्या स्वच्छ गोलात धुक्यासारखी विरळ वाढ! आमच्या सरांनी प्लेट उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ती पुन्हा माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मी घाईने रिपोर्ट लिहीत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित: औषध बुरशीपर्यंत पोचलेलंच नसतं. तिच्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

जीवाणूंवर इतकी अँटिबायोटिक्स आहेत, मग बुरशीवर औषधं मोजकीच का?

कारण बुरशी आपल्या जवळची नातेवाईक आहे. जीवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते, त्यामुळे त्याला मारताना आपल्याला धक्का लागत नाही. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच केंद्रक आणि बरीचशी आपल्यासारखीच यंत्रणा असते. वेगळं म्हणावं असं थोडंच: तिच्या पापुद्र्यात आपल्या कोलेस्टेरॉलच्या जागी एर्गोस्टेरॉल असतं, आणि पापुद्र्याबाहेर एक भिंत असते, जी आपल्याला नाही. जवळजवळ सगळी औषधं या दोन ठिकाणांभोवती घुटमळतात. ॲझोल गट (इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल) एर्गोस्टेरॉल बनू देत नाही. टर्बिनाफिन त्याच साखळीची आधीची एक कडी तोडतं. ॲम्फोटेरिसिन बी बनलेल्या एर्गोस्टेरॉललाच जाऊन धरतं. कॅस्पोफंजिनसारखी औषधं भिंतीचं बांधकाम अडवतात.

एक अवांतर गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ॲम्फोटेरिसिनच्या कुळातलं हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध आपल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नावही पिंपरीवरून ठेवलं: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. मुंबईला जाताना रेल्वेतून पिंपरी दिसली की मला हेच आठवतं.

बुरशी नेमकं करते तरी काय?

ॲझोलचं उदाहरण घेऊ. एर्गोस्टेरॉल बनवण्याच्या साखळीत एक विकर (एन्झाइम) आहे, त्याचा जनुक सिप५१ए. सोलापूरकराला सांगायचं तर हा कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा कारागीर. त्याचे हात अडकले की अख्खं खातं बंद. ॲझोल येऊन याच जॉबरचे हात धरून ठेवतं, माल अर्धवट राहतो, पापुद्रा बिघडतो, वाढ थांबते.

यावर बुरशीनं काढलेली सर्वांत गाजलेली युक्ती टीआर३४/एल९८एच या नावानं ओळखली जाते. नाव रुक्ष आहे, आतली करामत मात्र नाही. जनुकाच्या सुरुवातीला, जिथे "किती जॉबर भरायचे" हे ठरतं, तिथला ३४ अक्षरांचा तुकडा दोनदा छापला गेला. परिणाम असा की भरती वाढली, औषधाला धरायला हात कमी पडू लागले. शिवाय जॉबरच्या शरीरातल्या ९८ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन बसलं, त्यामुळे त्याची ठेवण बदलली आणि औषधाची पकड सुटू लागली. दोन्ही बदल एकत्र आले की काम फत्ते. असाच दुसरा जोड टीआर४६ नावाचा आहे, आणि त्यात मुख्यतः व्होरिकोनॅझोल निकामी होतं. वाईट गोष्ट ही की व्होरिकोनॅझोल हेच ॲस्परजिलसवरचं पहिल्या पसंतीचं औषध.

बाकीच्या युक्त्या: पापुद्र्यातले पंप आत आलेलं औषध उपसून बाहेर टाकतात. धागे एकमेकांत गुंतून त्यावर चिकट थर धरतात, त्या गाद्यांच्या आतपर्यंत औषध मुरत नाही. टीबीच्या पोकळीत बुरशीचा गोळा होतो तिथे तर रक्तच पोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध कुठून पोचणार?

सहनशीलतेची यंत्रणा वेगळी. तिथे जनुक बदलत नाही, पेशी ताण सोसायच्या तयारीत जाते. यात एचएसपी९० नावाचं प्रथिन महत्त्वाचं. मुळात ते उष्णतेत इतर प्रथिनांना विस्कटू न देणारं. उन्हाळा सोसायला जे प्रथिन उपयोगी पडतं तेच औषध सोसायलाही पडतं. त्याच्या जोडीला कॅल्सिन्युरिन नावाचा निरोप्या असतो. कॅस्पोफंजिननं भिंतीतलं ग्लुकन अडवलं की त्याच्या निरोपावरून बुरशी कायटिन हा भिंतीतला दुसरा घटक वाढवून भिंत सावरते. म्हणून प्रयोगशाळेत एक चमत्कारिक दृश्य दिसतं: थोड्या कॅस्पोफंजिनमध्ये वाढ खुंटते आणि खूप घातलं तर पुन्हा सुरू होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या.

मग एचएसपी९० लाच का मारत नाहीत, असं एका हुशार मुलानं विचारलं होतं. आपल्याही पेशींत तेच आहे, बाळा. वर नातेवाईक म्हटलं ते यासाठीच.

द्राक्षावरच्या फवारणीचा आणि फुप्फुसातल्या बुरशीचा काय संबंध? उगाच शेतकऱ्याच्या माथी मारायचं.

माथी मारायचं नाही, पण संबंध आहे.

१९९० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना ॲझोलला न जुमानणारी ॲस्परजिलस सापडू लागली. कोडं असं होतं की यातल्या कित्येक रुग्णांनी आयुष्यात कधी ॲझोल घेतलेलं नव्हतं. आणि वेगवेगळ्या रुग्णांत बदल मात्र एकच: तोच टीआर३४. रुग्णाच्या शरीरात औषधाखाली बदल घडला असता तर प्रत्येकात वेगळा दिसला असता. म्हणजे बुरशी बाहेरून शिकून आली होती. शोध घेता घेता बोट शेतीतल्या ॲझोल बुरशीनाशकांकडे गेलं. टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल यांची रेणूरचना माणसाच्या औषधांशी इतकी मिळतीजुळती आहे की एकाला तोंड द्यायला शिकलेली बुरशी दुसऱ्यालाही तोंड देते. तिकडे सर्वांत मोठ्या शाळा कुठे भरत होत्या? फुलांच्या कांद्यांच्या कचऱ्याच्या ढिगांत. कचरा ऊबदार, त्यात औषधाचा अंश, आणि बुरशीचे कोट्यवधी बीजाणू.

भारतात रुग्णांतून आणि मातीतून हीच टीआर३४ सापडल्याची नोंद २०१२ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून डॉ. अनुराधा चौधरी यांच्या गटानं प्रसिद्ध केली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. तिच्यात १९ नावं आहेत आणि फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे.

आता आपल्याकडे या. द्राक्षावर ऑक्टोबर छाटणीनंतर भुरीसाठी हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल. डाळिंबाच्या मर रोगासाठी प्रोपिकोनॅझोलची आळवणी, म्हणजे औषध थेट मातीत. हे सगळे ॲझोलच. शेतकऱ्याच्या लक्ष्यावर भुरी असते, मरीची बुरशी असते. फ्युमिगेटस मध्येच सापडते, आणि जी सापडूनही जगते ती पुढे वाढते. बागायतदाराची चूक एवढीच की त्याला हे कोणी सांगितलेलं नाही. दुकानदार तर सांगणार नाहीच.

मग फवारणी बंद करू का?

नाही. बाग गेली तर घर कसं चालेल? पण तीन गोष्टी करता येतात. औषधाच्या लेबलवर गटाचा क्रमांक असेल तर तो वाचा. ॲझोल म्हणजे गट ३. कंपनी वेगळी, नाव वेगळं, डबा वेगळा, पण गट ३ वर पुन्हा गट ३ मारलं तर औषध बदललं असं होत नाही. भुरीला गंधक अजूनही चालतं, आणि त्याला तोंड द्यायला बुरशी सहजी शिकत नाही. दुसरं, फवारलेल्या बागेची छाटणी कंपोस्टच्या ढिगात टाकून महिनोन् महिने तशीच ठेवू नका. आणि ढीग उकरताना, पाचट हलवताना, गंजी फोडताना नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावा. उपरणं गुंडाळून दोन-तीन मायक्रॉनचा बीजाणू अडत नाही. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल तर त्या माणसाला गंजीजवळ जाऊच देऊ नका.

जाता जाता: डाळिंबावरचा तेल्या हा बुरशीचा रोग नाहीच, तो जीवाणूचा आहे. तेल्यासाठी म्हणून ॲझोल मारणारे मला भेटले आहेत. तेल्याला त्याचा ढिम्म फरक पडत नाही. मातीतल्या बुरशीला फुकटचा सराव तेवढा मिळतो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दारात आहे, दुकानात जायच्या आधी तिथे विचारा.

गजकर्ण दोन वर्षं झाली जात नाही. मेडिकलमधली सगळी मलमं झाली.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कारखान्यात उकाडा, अंगाला चिकटलेला घाम, जाड कपडे. जांघेत, कमरेला, काखेत नायटा. एकाला झाला की महिन्याभरात घरातल्या चौघांना.

पूर्वी टर्बिनाफिननं तो काही आठवड्यांत जायचा. आता जात नाही, त्यामागे बरेचदा एक नवी प्रजाती असते: ट्रायकोफायटन इंडोटिनी. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, आणि नावात भारत आहे तो उगाच नाही. इथून ती युरोप-अमेरिकेपर्यंत पोचली. टर्बिनाफिन स्क्वालिन इपॉक्सिडेज नावाच्या विकराला धरतं. या बुरशीत त्या विकराची एक-दोन अक्षरं बदललेली असतात, बहुधा ३९३ व्या किंवा ३९७ व्या जागी, आणि तेवढ्यानं औषधाची पकड जाते. हा सहनशीलतेचा नव्हे, सरळ प्रतिकाराचा मामला.

हे झालं कसं? माझं मत विचाराल तर मोठा वाटा त्या मिश्र मलमांचा. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जीवाणूचं औषध आणि वर जोरकस स्टेरॉइड. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण त्या जागेवर शरीराचा पहाराही झोपतो आणि बुरशी थोड्याशा औषधात निवांत वाढत राहते. बुरशीला औषध सोसायचं शिकवायला याहून चांगली सोय कोणती? गोल डागाची ओळखही पुसली जाते, मग त्वचेच्या डॉक्टरांनासुद्धा पटकन कळत नाही. २०१८ मध्ये लावायच्या बऱ्याच स्टेरॉइडना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही जाणता.

एकदा माझ्या चुलत बहिणीनं फोनवर मलमाचं नाव विचारलं. मी म्हटलं, आधी हातात आहे त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. तिनं वाचलं, "क्लोबेटासोल". म्हटलं अक्का, तेच स्टेरॉइड, ते ठेव बाजूला आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तिला बरं व्हायला तीन महिने लागले आणि घरातल्या सगळ्यांचे उपचार एकदमच करावे लागले. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवायचे. ऊन आपल्याकडे कमी नाही. टॉवेलच्या गावात प्रत्येकाला स्वतंत्र टॉवेल नसावा याचं मात्र मला नेहमी नवल वाटतं.

इट्राकोनॅझोल घेतोय तरी गुण नाही. म्हणजे प्रतिकार आला का?

आधी सांगा, ते कशाबरोबर घेता? इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. ती भरल्या पोटी घ्यायची असते. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी आणि मागोमाग ही कॅप्सूल, असं कित्येकांचं चालतं. औषध रक्तात उतरतच नाही, आणि दोष बुरशीवर जातो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, ॲसिडिटीच्या, बीपीच्या, सगळ्या. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिनसुद्धा ॲझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं. व्होरिकोनॅझोलचं तर माणसागणिक वेगळं. एकाच डोसवर एकाच्या रक्तात ते भरपूर, दुसऱ्याच्या यकृतानं केव्हाच संपवलेलं. त्यासाठी रक्तातली पातळी मोजतात.

२०२१ ची काळी बुरशी औषधाला दाद देत नव्हती ती का?

ती बुरशी काळी नव्हती. तिनं रक्तवाहिन्या बुजवल्यामुळे मेलेला भाग काळा पडायचा. ती म्युकर गटातली, बहुतेकदा रायझोपस. आवाक्याबाहेरची साखर, कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड आणि स्वतः कोविड, यांच्या बेचक्यात ती घुसली.

रायझोपसला व्होरिकोनॅझोल जन्मतःच लागू होत नाही. तिच्या जॉबरची ठेवण मुळातच वेगळी आहे, तिनं ती कुणाकडून शिकलेली नाही. म्हणून ॲस्परजिलस समजून व्होरिकोनॅझोल दिलं तर दिवस वाया जातात, आणि या आजारात दिवस मोजकेच असतात. तिच्यावर ॲम्फोटेरिसिन बी, पोसाकोनॅझोल, आयसाव्हुकोनॅझोल आणि मेलेला भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया. त्या उन्हाळ्यात ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी माणसं कशी वणवण फिरली ते लिहायची गरज नाही. उलट उदाहरणही लक्षात ठेवा: ॲस्परजिलस टेरियस ही फ्युमिगेटसची बहीण ॲम्फोटेरिसिनलाच दाद देत नाही. त्यामुळे "बुरशी आहे" एवढं कळून भागत नाही. कोणती, ते कळावं लागतं.

एकदा शिकलेली बुरशी विसरते का?

म्युकरची एक जात विसरते! २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवलं. एफके५०६ हे औषध पेशीतल्या एका प्रथिनाला धरून मगच आपलं काम करतं. म्युकरनं काय केलं, तर त्या प्रथिनाच्या जनुकाचा आवाजच दाबला. जनुक बदलला नाही, खोडला नाही, फक्त गप्प केला. औषध काढून घेतल्यावर काही पिढ्यांत आवाज परत आला आणि बुरशी पूर्वीसारखी औषधाला बळी पडू लागली. अशा वेळी जनुकाची अक्षरं वाचून काहीच सापडत नाही. टीआर३४ मात्र असा जात नाही, तो छापलेला आहे.

उसाची पात डोळ्याला लागली, ड्रॉप टाकतोय, डोळा लालच आहे.

हे वाचत बसू नका, आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

गेलात? आता ऐका. ऊसतोडणीत, ज्वारीच्या काढणीत, भुसा उडताना बुबुळाला ओरखडा पडतो आणि फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलस आत शिरते. फ्युझेरियम बहुतेक औषधांना मुळातच निबर. बुबुळाच्या अशा व्रणावर नॅटामायसिनचे थेंब जुने आहेत, पण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, फ्युझेरियमच्या बाबतीत तर ठळकपणे. लाल डोळा म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणले तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग डोळ्यात कायमचं फूल पडतं. मामी, आत्या, कुणीही बाटली पुढे केली तरी घालू नका.

शेंगांना बुरशी आली तर भाजून चटणी केली तर चालेल ना?

नाही. तो औषधाचा नव्हे, विषाचा प्रश्न आहे. अफ्लाटॉक्सिन भाजून जात नाही. टाकून द्या.

हळद, कडुनिंब, तुरटी?

प्लेटवर पुष्कळ गोष्टी बुरशी थोपवतात. व्हिनेगरही थोपवतं. अंगात, योग्य जागी, पुरेशा प्रमाणात पोचणं हे वेगळं काम आहे. डोळ्यात तर यातलं काहीही घालू नका.

नवीन औषधं येतायत म्हणे?

येतायत. ओलोरोफिम हे अगदी वेगळ्या जागी घाव घालतं, डीएनएचे सुटे भाग बनवणाऱ्या एका विकरावर, म्हणून ॲझोलला न जुमानणाऱ्या ॲस्परजिलसवरही ते चालतं. ते अजून रुग्णांवरच्या चाचण्यांत असतानाच त्याच विकरावर घाव घालणारं इप्फ्लुफेनोक्विन नावाचं शेतीचं बुरशीनाशक परदेशात बाजारात उतरलंसुद्धा. ॲझोलच्या वेळी निदान माहीत नव्हतं असं म्हणायची सोय होती.

तपासायला नमुना कसा आणायचा?

शक्यतो औषध सुरू करायच्या आधी. गजकर्णासाठी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस मलम बंद ठेवून या. खरवडून काढलेला कोंडा आम्ही आधी पोटॅशच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. ते त्याच दिवशी होतं. वाढवून जात ओळखायला दोन ते चार आठवडे लागतात, ॲस्परजिलस त्या मानानं दोन-तीन दिवसांत उगवते, आणि औषधाची चाचणी त्यानंतर. "बुरशी आढळली" एवढाच रिपोर्ट हातात आला तर प्रजाती विचारा. औषधांचे आकडे मागायचे का, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

थुंकी सकाळची, खोकून खालून काढलेली, झाकणाच्या निर्जंतुक डबीत आणा. नखाचे तुकडे किंवा कोंडा असेल तर डबी नको, फ्रिज नको, पाण्यात तर मुळीच नको. कोऱ्या कागदाची पुडी करा, किराणा दुकानात जिरं बांधतात तशी, आणि वर नाव लिहा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नका. शाईचे ठिपके आणि नखाचा चुरा वेगळा करण्यात माझी दुपार जाते.